सिकलसेल आहे, मग नोकरी कोणती करू?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातली, नागपुरात वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. मला सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला रक्ताचा आजार) आहे. मागच्या परीक्षेत ऐन वेळी दुखणं उठलं नि दोन पेपर बुडाले. तेव्हापासून परीक्षा जवळ आली की छातीत धडधडतं, झोप उडते. मैत्रिणी पोलीस भरतीच्या तयारीला लागल्यात. बाबा म्हणतात, शिक्षण सोड, घरी ये. काय करू?

उत्तर : शिक्षण सोडू नकोस. बाबांनी तुला कळवळताना पाहिलंय, त्यांची काळजी खरी आहे. पण घरी बसून कळा थांबणार नाहीत. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

पोलीस भरती मात्र डोक्यातून काढ. मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि त्यासाठी महिनोन्महिने उन्हातान्हात सराव करावा लागतो. अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले, थंडी बाधली किंवा ताप आला की तुझ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निवड झालीच, तरी बंदोबस्तात तासन्‌तास उभं राहणं तुला झेपणार नाही.

नोकरी शोधताना हुद्द्याआधी त्या नोकरीतला दिवस बघ. हवं तेव्हा पाणी पिता येतं का? रात्रपाळी आहे का? बाथरूम स्वच्छ आहे का? हे विचारायला लाजू नकोस. कॉलेजचं बाथरूम घाण म्हणून दिवसभर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या कितीतरी मुली मला भेटतात. तुला ते परवडणारं नाही.

तुझ्यासाठी मला हिशेबाचं काम योग्य वाटतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी नीट शिकून घे. दरमहा जीएसटीचं विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचं विक्रीचं विवरण (जीएसटीआर-१) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं विवरण (जीएसटीआर-३बी) २० तारखेपर्यंत जावं लागतं. म्हणजे काम तारखेला बांधलेलं असतं. चार-पाच दिवस आधी नोंदी पुऱ्या करायची सवय लावलीस, तर मधे दोन दिवस अंथरुणात गेले तरी काही अडत नाही. मार्चअखेरीस जागरणं होतात, ती किती, हे आधीच विचारून घे. तलाठी परीक्षेचा मोह होईल, पण त्या कामात भर उन्हात शिवारं पालथी घालावी लागतात.

आता धडधडीबद्दल. इतकं दुखणं सोसलेल्या माणसाला ते पुन्हा उठेल याची धास्ती वाटणारच, यात तुझा भित्रेपणा नाही. पण त्या धास्तीत जेवण-झोप बिघडते, पाणी प्यायचं राहतं आणि दुखण्याला वाट मिळते. म्हणून हेही सिकलसेलच्या डॉक्टरांना सांग. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू नसेल तर त्याबद्दल विचार, त्याने अनेकांच्या कळा कमी होतात. रात्री फार घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. आणि परीक्षेआधीच डॉक्टरांचं पत्र जोडून प्राचार्यांना अर्ज दे : पाण्याची बाटली, पंख्याच्या थेट झोताखाली नसलेली जागा, गरज पडल्यास जादा वेळ.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज कर. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं, तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांसाठी तू पात्र ठरतेस. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र सिकलसेल नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण आज वस्तुस्थिती तीच आहे, तेव्हा त्या आशेवर वर्षं घालवू नकोस. परीक्षेतल्या सवलतीसाठी ४० टक्क्यांची अट लावून कुणी अर्ज परत केला, तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार निकाल दाखव. त्या खटल्यातल्या परीक्षार्थी उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता. ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मुलाखतीत आजार स्वतःहून सांगायलाच हवा असं नाही, पण थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस. रुजू झाल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांग आणि दुखणं उठलं तर कुणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे लिहून दे.