लग्नाचे फोटो: लोक आम्हाला का बोलावतात आणि आम्ही का जातो

तुम्ही लिहिलंय की गेली दोन वर्षं तुम्ही स्टुडिओत वस्तूंचे फोटो काढताय आणि आता ओळखीतल्या एका जोडप्याने त्यांच्या लग्नाचं काम विचारलंय. त्यावरून तुम्हाला दोन प्रश्न पडलेत. प्रत्येकाच्या खिशात बरा कॅमेरा असताना लोक पैसे मोजून फोटोग्राफर का बोलावतात? आणि पैसे बाजूला ठेवले तर इतकं दगदगीचं काम कुणी का करावं? मी बावीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी बोलावणाऱ्यांचं. पहिल्या भेटीत लोक कँडिड, म्हणजे पोझ न देता टिपलेले फोटो हवेत म्हणतात, अल्बमची पानं विचारतात, ड्रोन आहे का विचारतात. एवढ्यावरच करार होतो आणि त्यात काही चुकीचं नाही. पण त्या बोलण्याच्या खाली एक गोष्ट असते आणि ती शब्दांत सांगणारं जोडपं मला फार क्वचित भेटलं. त्या दिवशी त्यांना स्वतःचं लग्न नीट बघायला मिळणार नसतं. नवरी आत तयार होत असते तेव्हा बाहेर कोण आलं, कोण कुणाला मिठी मारून रडलं, हे तिला कळत नाही. मुख्य विधीच्या वेळी दोघांचं लक्ष समोर असतं, तेव्हा मागे बसलेल्या बापाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. आईवडील तर दिवसभर दारात आणि हिशेबात अडकलेले असतात. ज्यांचा दिवस, त्यांच्याच वाट्याला तो सगळ्यात कमी येतो. म्हणून ते असा एक माणूस आणतात, ज्याला त्या दिवशी बघण्याशिवाय दुसरं कामच नसतं.

ही गरज कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. छायाचित्रणाची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. एका फोटोसाठी काही मिनिटं अगदी स्थिर बसावं लागे, त्यामुळे चालत्या सोहळ्याचा फोटो काढणं शक्यच नव्हतं. तिच्या लग्नाचा एकही फोटो नाही. पुढे १८५४ मध्ये ती आणि तिचा नवरा अल्बर्ट दरबारी पोशाखात रॉजर फेंटनच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. चौदा वर्षांनंतरचे ते फोटो आजही पुष्कळदा लग्नाचे म्हणून दाखवले जातात. मला त्या चुकीत काही नवल वाटत नाही. बघणाऱ्यांनाच तिथे लग्नाचा फोटो असायला हवा होता, म्हणून त्यांनी जो मिळाला त्यालाच तसं मानलं.

त्यानंतर कित्येक दशकं जोडपी नटूनथटून स्टुडिओत जात, कारण फोटोग्राफरला लग्नात येणं जमत नव्हतं. १९२५ मध्ये जर्मनीच्या लाइट्झ कंपनीने ३५ मिलिमीटर फिल्मचा हातात मावणारा लायका कॅमेरा बाजारात आणला, १९३०च्या सुमारास फ्लॅशबल्ब आला, आणि मग आमचा धंदा हळूहळू स्टुडिओतून मंगल कार्यालयात शिरला. तरीही फिल्मवर जपून काढावं लागे. १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर चौकोनी फ्रेम बाराच, ३५ मिलिमीटरवर छत्तीस. मी फिल्मच्या अगदी शेवटच्या दिवसांत शिकले. प्रत्येक क्लिकआधी श्वास रोखायची ती सवय अजून अंगात आहे, आणि ती जाऊ नये असं मला वाटतं.

आता फोनचा मुद्दा. उजेड भरपूर असेल आणि माणसं उभी असतील तर फोनचे फोटो उत्तम येतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो अंधाऱ्या हॉलमध्ये, हलत्या माणसांवर. आमच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक फोनमधला सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ६४०० आणि अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड एफ-२ इतकं मोठं ठेवून मी शटर सेकंदाच्या एकशेसाठाव्या भागावर नेते, तेव्हा कुठे चालतं-हलतं मूल फ्रेममध्ये थांबतं. पण यंत्राचा हा फरक वर्षागणिक कमी होतोय. उद्या तो पूर्ण मिटला तरी आमचं काम राहील असं मी म्हणते, त्याचं कारण वेगळं आहे.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना संग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघा, काहींचे फोटो काढा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे लोकांना कमी आठवले. मला हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. मुलीची पाठवणी चाललेली असते आणि सख्खा मामा हात वर करून फोनच्या पडद्यात बघत असतो. त्याच्याकडे फोटो राहील, पण तो क्षण तो अर्धाच जगला. काही जोडपी आता पाहुण्यांना सांगतात की विधीच्या वेळी फोन खिशात ठेवा, फोटोग्राफर आहेत. अशा लग्नात समोरची माणसं वेगळीच दिसतात. हात मोकळे असतात, नजर समोर असते. मला पैसे मिळतात त्यातला निम्मा भाग या मोकळ्या हातांसाठी असतो असं मी मानते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. वस्तूच्या एखाद्या तपशिलावर झूम करून फोटो काढणाऱ्यांची आठवण तशी कमी झाली नाही. हे वाचलं तेव्हा मी खूप खूश झाले होते. कारण लक्ष देऊन, शोधून काढलेला फोटो आणि नुसतं बटण दाबून काढलेला फोटो यातला फरक आम्हाला हातांनी माहीत होता.

पैशांबद्दलही सरळ बोलते. आगाऊ रक्कम मिळते, तारखा आधी ठरलेल्या असतात, सीझनभर काम असतं. कित्येक फोटोग्राफर याच उत्पन्नावर आपलं मनासारखं दुसरं काम जगवतात. पैसा हे कारण आहेच आणि ते लपवायचं कारण नाही. पण फक्त तेवढ्यासाठी आलेली माणसं चार-पाच सीझनमध्ये निघून जाताना मी पाहिली आहेत. दोन कॅमेरे आणि तीन लेन्स गळ्यात-खांद्यावर घेऊन बारा-बारा तास उभं राहायचं. तीन-चार हजार फ्रेममधून सहाशे निवडायच्या, मग त्यांचे रंग जुळवायचे. लग्नाचा एक दिवस म्हणजे माझे पुढचे पाच-सहा दिवस. त्यात घरची कार्यं हमखास बुडतात. माझ्या सख्ख्या भाचीच्या बारशाला मी नव्हते, ते मला अजून लागतं.

भीतीही कधी जात नाही. वस्तूचा फोटो बिघडला तर तुम्ही पुन्हा लाइट लावाल. इथे पुन्हा काही होत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एकाच मेमरी कार्डचा कॅमेरा होता आणि एका लग्नातलं एक कार्ड वाचेनासं झालं. संध्याकाळचा तासभर गेला. मी त्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. नवरीची आई काही बोलली नाही, नुसती खुर्चीवर बसली. तेव्हापासून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. घरी पोचल्यावर आधी प्रती होतात आणि मगच जेवण. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुम्ही हे काम घेणार असाल तर लेन्सच्या आधी याचा खर्च करा.

मग का करायचं? बोलावणाऱ्यांचं कारण मी वर सांगितलं, आमचं त्याचीच दुसरी बाजू आहे. त्यांना बघायला मिळत नाही आणि आम्हाला बघू दिलं जातं. अनोळखी घरात सकाळी सातला आपण शिरतो आणि तासाभरात कुणी आपल्यासमोर संकोच न करता रडत असतं, भांडत असतं, बहिणीच्या केसांतल्या पिना काढत असतं. इतक्या जवळ येऊ देणारा दुसरा पेशा मला माहीत नाही, एक डॉक्टरांचा सोडला तर. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी धाकटे आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या कंबरलँड बेटावर मोजक्या माणसांत झालं. बाहेर जगाला पत्ताही नव्हता आणि आत फोटोग्राफर होते डेनिस रेगी. चॅपलमधून बाहेर पडताना नवरा नवरीचा हात ओठांशी नेतो, तो त्यांचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. मी तो शिकाऊ लोकांना नेहमी दाखवते. त्यात उजेड कसा पडलाय ते नंतर सांगते, आधी विचारते की आपण इथे उभे असतो तर हा अर्धा सेकंद आपल्याला दिसला असता का.

शिकायलाही याच्यासारखं काम नाही. सकाळी खिडकीचा मऊ उजेड, दुपारी डोक्यावरचं ऊन, संध्याकाळी रंगीबेरंगी एलईडी, रात्री जवळपास अंधार, आणि यातलं काहीच तुमच्या हातात नाही. दागिने मांडून काढताना तुमचा वस्तूंचा हात कामी येईल. बाकी सगळं नव्याने शिकाल.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आपण काढलेले बहुतेक फोटो जगात कुणाला नको असतात. लग्नाच्या फोटोला मात्र बघणारा नक्की असतो, आणि तो वर्षानुवर्षं बघतो. काही वर्षांपूर्वी एका बाईंची मेल आली. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांचा भाऊ गेला होता. अल्बममध्ये तो फक्त दोन ग्रुप फोटोंत होता, ताठ उभा, कॅमेऱ्याकडे बघणारा. आणखी कुठे आहे का, त्यांनी विचारलं. मी रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, सहसा टाकून देत नाही, म्हणून जुनी डिस्क काढून शोधत बसले. चौदा फ्रेम मिळाल्या. एका फ्रेममध्ये पुढे नवरानवरी हसताहेत आणि मागे, फोकसच्या बाहेर, तो स्टेजच्या कडेला वाकून, दातांत टॉर्च धरून, सुटलेली वायर जोडतोय. उजेड कमी म्हणून मी ती फ्रेम तेव्हा बाद केली होती. त्यांनी तीच मोठी करून लावली. स्टेजवरचे दिवे मध्येच गेले होते हे त्यांना आठवत होतं. ते कुणी लावले, हे त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्यानंतर माझी निवड बदलली. नवरानवरीचे सुंदर फोटो तर काढायचेच, त्यासाठीच बोलावलेलं असतं आणि त्यात कुचराई करायची नाही. पण तासातली दहा मिनिटं मी ठरवून त्यांच्याकडे पाठ करते आणि कडेची माणसं टिपते. जे खुर्च्या उचलताहेत, जे कोपऱ्यात बसलेत, जे उशिरा आले. डिलिव्हरीत हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये देते. सुरुवातीला ते फारसं कुणी उघडत नाही, आणि ते मला चालतं.

आता तुमच्या कामाबद्दल. हे पहिलं लग्न एकट्याने घेऊ नका. ओळखीचे आहेत म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण ओळखीत नकार देता येत नाही आणि चूक झाली तर नातं जातं. तीन-चार लग्नांना कुणा अनुभवी माणसासोबत सेकंड शूटर, म्हणजे दुय्यम फोटोग्राफर म्हणून जा. तेवढा वेळ नसेल तर त्या जोडप्याला स्पष्ट सांगा की मुख्य फोटोग्राफर दुसरा बघा, मी सोबत येतो. काय देणार, किती दिवसांत देणार आणि फोटो ऑनलाइन टाकायला त्यांची परवानगी आहे का, हे कागदावर घ्या.

आणि लग्नाच्या आठवडाभर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. पोझचे नमुने मोबाईलवर दाखवत बसू नका. त्यांना विचारा: घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे आणि ते कुठे बसणार? सगळ्यात लांबून कोण येतंय? कुणाला एकमेकांशेजारी उभं करायचं नाही? कामं अंगावर घेऊन दिवसभर पळणारा माणूस कोण? उत्तरं वहीत लिहा, आणि त्या दिवशी सकाळी पोचल्यावर कॅमेरा काढायच्या आधी ही माणसं कोण आहेत ते ओळखून ठेवा.