मॉडेलला प्रतिकृती म्हणू नका

प्रश्न असा आहे, की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शहराच्या पाणीपुरवठ्याचं एक साधं मॉडेल आणि डायग्राम केलीय, मराठी रिपोर्टात मॉडेलला प्रतिकृती लिहायचं की प्रारूप, आणि डायग्रामला काय म्हणायचं.

डायग्रामला आकृती म्हणा, विषय संपला. मॉडेलला मात्र प्रतिकृती अजिबात लिहू नका, प्रतिमान लिहा. हल्ली हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत, हवामानाची प्रतिकृती काय, अर्थव्यवस्थेची प्रतिकृती काय! प्रतिकृती म्हणजे हुबेहूब नक्कल. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा राजगड करतात ती प्रतिकृती, तिथे बालेकिल्ला बालेकिल्ल्यासारखा दिसला की झालं. गुंतागुंतीची गोष्ट समजून घ्यायला आपण जे मॉडेल करतो त्याचं काम तसं दिसणं नसतंच, उलट हुबेहूब करायला गेलं तर ते फसतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताचं मॉडेल बघा. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी ते १९५७ मध्ये सॉसालिटो गावात उभं केलं, कारण जॉन रेबर नावाच्या गृहस्थांची योजना होती की आखातात बांध घालून गोड्या पाण्याचे तलाव करायचे, आणि तसं केलं तर पाण्याचं काय होईल ते आधी बघायला हवं होतं. आडवं माप १:१००० घेतलं. आता उभंही तेवढंच घेतलं असतं तर दहा मीटर खोल पाणी मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर भरलं असतं, म्हणजे नुसता ओलावा, त्यात भरतीओहोटी खऱ्यासारखी वाहणारच नाही. म्हणून उभं माप १:१०० धरलं, खोली मुद्दाम दहापट फुगवली. मग पाणी फार सुसाट धावायला लागतं, त्याला आवरायला तळाशी तांब्याच्या पट्ट्या उभ्या केल्या, अशा लाखो पट्ट्या, खऱ्या आखातात यातली एकही नाही. वेळही आकसते, तिथला २४ तास ५० मिनिटांचा भरतीओहोटीचा दिवस मॉडेलमध्ये साधारण पंधरा मिनिटांत उरकतो. दिसायला सगळंच चुकीचं, आणि तरी रेबरची योजना चालणार नाही हे कळायला याच मॉडेलची मदत झाली. आपल्या खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, ही संस्था १९१६ सालची, तिथे धरणांची, नद्यांची, बंदरांची मॉडेलं करतात, त्यांनाही मापांचं हेच गणित सांभाळावं लागतं. याला प्रतिकृती कसं म्हणायचं सांगा.

आता मुद्द्याचा शब्द, प्रतिमान. मॉडेल हा शब्द लॅटिन मोड्युलसवरून आला, मोड्युलस म्हणजे छोटं माप, तो मोडस म्हणजे माप यावरून. प्रतिमानात 'मा' धातू आहे, मापणे. म्हणजे दोन्हीकडे गाभ्यात माप आहे, दिसणं कुठेच नाही. पण हे बघून काही उत्साही मंडळी लगेच मोडस आणि मा एका घरातले करून टाकतात, ते मला मान्य नाही, मोडसमधला 'ड' कुठून आला याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. मोडसचं मूळ 'मेड्' असं वेगळं धरतात. 'मा'चा लॅटिनमधला खरा भाऊबंद मेन्सुरा, ज्यावरून इंग्रजी मेझर आला. ओढूनताणून नाती जुळवायची काही गरज नाही, कारण खरी मजा संस्कृतातच आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला सांगितलंय की तुलामान आणि प्रतीमान नीट राखावं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं. इथे प्रतीमान म्हणजे चक्क तराजूतलं वजन! समोरच्या पारड्यात ठेवायचं ते. आणि हाच माझा सिद्धांत आहे, जो कोशात कुणी असा मांडलेला नाही पण मला पूर्ण पटलेला आहे, की मॉडेलसाठी याहून चांगला शब्द कुठल्याच भाषेत नसेल. बटाटे मोजायला ठेवलेलं लोखंडी वजन बटाट्यासारखं दिसत नाही, त्याला चव नाही, ते शिजत नाही, फक्त एका बाबतीत ते बटाट्यांच्या तोडीस तोड असतं आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. ऋग्वेदात इंद्राला विश्वाचं प्रतिमान म्हटलंय तेही याच अर्थाने, विश्वासारखा दिसणारा नव्हे, विश्वाच्या तोडीचा. आणि ते सहा महिन्यांनी तपासणं तर मला फारच आवडतं, कारण पाणीपुरवठ्याच्या मॉडेलमध्ये तुम्ही गळती अमुक टक्के धरली असेल तर ती दरवेळी मीटरच्या आकड्यांशी ताडून बघावीच लागते, जुनं वजन झिजतं तसं जुनं गृहीतकही झिजतं.

प्रारूपवाल्यांचं म्हणणं मला कधीच कळलेलं नाही. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा, सरकारी मराठीत या शब्दाचा अर्थ कच्चा मसुदा असा पक्का झालाय, हरकती मागवायच्या आणि मग अंतिम करायचा. तुमचं मॉडेल कुणाचाही मसुदा नाही. आणि जे विद्वान म्हणतात की प्रतिमान हा शब्द पॅराडाइमसाठी, म्हणजे एखाद्या शास्त्राच्या विचारांच्या चौकटीसाठी, राखून ठेवलाय, त्यांनी तो कुणाला विचारून राखला? पॅराडाइममधला ग्रीक धातू दाखवणे या अर्थाचा आहे, मापणे नव्हे. दाखवण्याचाच शब्द हवा असेल तर फारसीतून आलेला नमुना घरात आहेच, नुमाइशमधलाच तो, नमूदन म्हणजे दाखवणं. पॅराडाइमला नमुना म्हणा आणि आमचं प्रतिमान मोकळं करा.