इन्व्हर्टर ते बॅटरी चारची (४ चौ. मिमी) वायर चालेल का? घरीच जोडलं तर धोका आहे का?

नाही चालणार. घरात उरलेली आहे म्हणून वापरायची असेल तर मुळीच नाही.

हेच मी आमच्या साडूंना चिपळूणला सांगितलं होतं. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर हॉलमध्ये, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी मागच्या पडवीत, आणि मध्ये गीझरची उरलेली चारची वायर. जाड केबल घ्या, पॉझिटिव्हला बॅटरीजवळ फ्यूज टाका, म्हटलं. सगळ्यांसमोर हसले. "अहो, १२ व्होल्टनं कोण मरतं?"

शॉक लागत नाही, खरं आहे. पण घरं व्होल्टनं जळत नाहीत, करंटनं जळतात. गणपतीत घर भरलेलं, बाहेर पाऊस, लाइट गेली. पंखे, टीव्ही, मखराच्या माळा असा ६०० वॅटचा लोड. भागिले १२ म्हणजे ५० अँपिअर, इन्व्हर्टरचा लॉस धरला की ६० च्या आसपास. भिंतीवरच्या पट्टीतली चारची वायर जेमतेम ३० झेपवते. आरती चालू असताना जळका वास आला. मी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. पट्टी काढली तर इन्सुलेशन मऊ पडलेलं. आणखी थोड्या वेळानं दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या, आणि मग इन्व्हर्टर बंद करूनही काही उपयोग नव्हता. बॅटरी शॉर्टमध्ये करंट ओततच राहते, तोडायला मध्ये फ्यूजच नव्हता.

साडू आजही म्हणतात, वायर डुप्लिकेट निघाली. वायर उत्तम होती. आयएसआय मार्क मी स्वतः पाहिला.

तुम्ही १६ ची तांब्याची लवचिक केबल घ्या, बॅटरी इन्व्हर्टरपासून चार-पाच फुटांत ठेवा, केबलच्या टोकाला लग (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक) दाबून क्रिंप करा. नुसते पीळ मारून बोल्टखाली अडकवू नका, सैल जोड तापतो. पाना फिरवताना अंगठी, कडं काढा. जागा हवेशीर हवी, चार्जिंगला हायड्रोजन निघतो.

आउटपुटची वायरिंग मात्र वायरमनकडूनच. दोन्ही टोकांना पिन लावून आउटपुट भिंतीच्या सॉकेटात खुपसणारे महाभाग मी पाहिलेत. ती वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

हो, हा हिशोब एका बॅटरीचा. दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची सिस्टिम असेल तर तेवढ्याच लोडला करंट निम्मा. फ्यूज तिथेही लागतोच, घरातलं कोणी कितीही हसलं तरी.