वाचक विचारतात: पणज्याच्या कबरीवर नुसतं नाव नि साल, पुढं शोधायचं कसं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बेळगावला टिळकवाडीत असतो, मूळ गाव खानापूर तालुक्यात. गावच्या चर्चमागच्या सिमेट्रीत पणज्याची कबर आहे, दगडावर नाव आणि १९३१ एवढंच वाचता येतं, बाकी सगळं चुन्यात बुजलंय. आज्जी म्हणायची आपण गोव्यातल्या बार्देस तालुक्यातून आलो, पण कुठल्या गावातून ते कुणालाच माहीत नाही. आडनाव फर्नांडिस, आणि आमच्या गावात निम्मे लोक फर्नांडिसच! सुरुवात कुठून करू सांगा की.

उत्तर: अहो साल मिळालंय ना, मग दगडाचं काम झालं, आता फादरना भेटा. आधी फोन करून जा, रविवारी मिसानंतर (चर्चमधली प्रार्थना) लगेच गाठू नका, तेव्हा त्यांच्यामागं आधीच दहा जण असतात. १९३१ चं मृत्यूंचं रजिस्टर बघायचंय म्हणून सांगा. त्यात बहुतेक वेळा वय असतं, बायकोचं किंवा बापाचं नाव असतं. वयावरून जन्माचं साल अंदाजानं काढायचं आणि तिथली दोन-चार वर्षं मागं-पुढं बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात चाळायची, कारण मेलेल्या माणसाचं वय घरच्यांनी ठोकूनच सांगितलेलं असतं.

खरा माल या बाप्तिस्म्याच्या नोंदीत असतो. गोव्याच्या पाद्रींच्या हातची जुनी नोंद असली की पोर्तुगीज नाहीतर लॅटिनमध्ये असते, पण घाबरू नका, वाक्य ठराविकच असतं, एकदा बसलं की नावं आपोआप दिसायला लागतात. आई-बापाबरोबर पुष्कळदा दोन्हीकडचे आज्जा-आज्जी पण लिहिलेले असतात, म्हणजे एका पानात तीन पिढ्या. समासात बारीक अक्षरात काही खरडलेलं असलं तर ते सोडू नका, १९०८ पासून लग्न कुठं नि कुणाशी झालं ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचा नियम आहे. आणि फर्नांडिसांच्या गर्दीत आपला कुठला ते ओळखायला गॉडफादर-गॉडमदरची, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाचे धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभे राहिलेल्यांची, नावं उतरून घ्या, ते सहसा जवळचे काका-मावशीच असतात, तीच नावं भावंडांच्या नोंदीत फिरून फिरून येतात.

रजिस्टर गावात नसलं तर? आपल्या भागातली बरीच लहान चर्चं आधी नुसती चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, होती, मग नोंदी ज्या मोठ्या चर्चच्या हाताखाली ती होती तिथं असतात. बेळगावचा धर्मप्रांत झाला १९५३ ला, त्याआधी आपल्याकडची बरीच चर्चं गोव्याच्या धर्मप्रांताच्या ताब्यात होती, हे डोक्यात ठेवून विचारा. बार्देसातल्या गावाचं नाव हाती लागलं की मगच पणजीला पुराभिलेखागारात जा, तिथं गोव्यातल्या चर्चांची जुनी रजिस्टरं आहेत. गावाचं नाव नसताना गेलात तर दिवसभर फर्नांडिसच मोजत बसाल.

आणि एक, घरोघर सांगतात की आपण इन्क्विझिशनला, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या धर्मन्यायालयाला, भिऊन पळून आलो. असेलही. १७३९ ला मराठ्यांनी बार्देस मारला तेव्हाही लोक गाव सोडून निघाले असतील. पण इन्क्विझिशन १८१२ लाच बंद झालं, आणि १८८० नंतर लोंढा, कॅसलरॉककडं रेल्वे आली तिच्याबरोबर गोव्याची कितीतरी माणसं कामाला आली. तुमचा पणजा पळून आलेल्यांचा नातू की रेल्वेतला फिटर, ते रजिस्टर सांगेल, आधी ठरवून जाऊ नका.

बाकीच्यांच्या कबरी सापडल्या नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, गावच्या सिमेट्रीत जागा कमी, काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात. जमलं तर २ नोव्हेंबरला जा, त्या दिवशी सगळी घरं आपापल्या कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या लावत असतात, कोण कुणाच्या कबरीपाशी उभं आहे बघितलं तरी नाती कळतात.

प्रश्न: त्याच दगडावरचा चुना ॲसिडनं काढला तर अक्षरं दिसतील का?

उत्तर: नको! संगमरवर असो नाहीतर कडप्पा, दोन्ही चुन्याच्याच जातीचे, ॲसिड अक्षरांसकट खाईल. साधं पाणी, मऊ ब्रश, तारेचा अजिबात नाही, आणि तेही फादरना विचारून. खरं तर हात न लावता संध्याकाळी अंधार पडताना जा आणि मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरा, खोदलेल्या रेघांत सावली भरते, फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढा. शेजारच्या दोन कबरींचेही काढा, नवरा-बायको बऱ्याचदा शेजारीच असतात.