वाचकांचे प्रश्न : चहा, झोप आणि एकादशीची डोकेदुखी

प्रश्न : माझे वय ५४ आहे. सकाळी सहाला पहिला चहा होतो आणि दिवसभरात एकूण पाच कप होतात. शेवटचा कप संध्याकाळी सातच्या सुमारास दुकानात घेतो. अलीकडे रात्री अकराला पाठ टेकली तरी साडेबारापर्यंत डोळा लागत नाही. एकादशीला मी फराळ पोटभर करतो, पण चहा वर्ज्य करतो. त्या दिवशी दुपारनंतर डोके इतके ठणकते की काम सुचत नाही. घरची मंडळी म्हणतात, पित्त झाले. या दोन्ही तक्रारींचे मूळ चहात असेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण लिहिलेल्या वेळा पाहता दोन्ही तक्रारींचा संबंध चहातील कॅफीनशी असण्याची दाट शक्यता आहे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते पेशींवरील ठरावीक जागी जाऊन बसले की थकवा जाणवू लागतो, झोप येते. कॅफीनची रचना याच द्रव्याशी मिळतीजुळती असल्यामुळे, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते या जागा अडवून ठेवते. म्हणजे चहाने थकवा जात नाही, त्याची जाणीव तेवढी लांबते.

रक्तातील कॅफीनचे प्रमाण साधारण पाच तासांनी निम्म्यावर येते. काहींच्या शरीरात हा काळ तीन तासांचा, तर काहींच्या सात तासांचा असतो, म्हणूनच रात्री जेवणानंतर चहा घेऊन गाढ झोपणारी माणसेही आपल्याला भेटतात. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नये. आपला सातचा कप रात्री बारालाही निम्मा अंगात असतो आणि त्याच्या भरीला दुपारच्या कपाचा काही अंश उरलेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम मानावी. त्या हिशेबाने आपले पाच कप १५० ते ३२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान भरतात, म्हणजे पावडर सढळ हाताने घातली तर मर्यादा ओलांडली जाते. आपल्याकडील बारीक दाणेदार सीटीसी (क्रश-टीअर-कर्ल, म्हणजे पाने चिरडून, फाडून, वळवून केलेली) पावडर, जिची पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली, पाण्यात आपला अर्क फार लवकर सोडते. त्यामुळे बहुतेक कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच उतरते. पुढे खळखळून उकळत ठेवल्याने मुख्यतः तुरटपणा वाढतो. दूध वाढवल्याने कॅफीन नाहीसे होत नाही. ते कमी करायचे असेल तर पावडरच कमी घालावी लागते किंवा कप लहान घ्यावा लागतो.

आता एकादशीविषयी. रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूत अॅडेनोसिनसाठीच्या जागा वाढतात आणि चहा अचानक थांबला की त्या सगळ्या एकदम मोकळ्या होतात. मेंदूतील रक्तवाहिन्या, ज्या कॅफीनमुळे आकुंचित राहत होत्या, त्या रुंदावतात आणि डोके दुखू लागते. हा त्रास शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो. आपला शेवटचा कप दशमीला संध्याकाळी सातचा, म्हणजे एकादशीची दुपार नेमकी या वेळेत येते. फराळ पोटभर होत असल्यामुळे भुकेने डोके दुखण्याचे कारण मला येथे दिसत नाही. चहा घेतल्यावर तासाभरात डोके उतरत असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. व्रत मोडण्याची काहीच गरज नाही. एकादशीच्या आधी आठवडाभर दर दोन दिवसांनी एकेक कप कमी करत न्यावा, म्हणजे त्या दिवशी त्रास होणार नाही किंवा फार थोडा होईल. आणि मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कपांची संख्या लगेच घटवता आली नाही तरी शेवटचा कप दुपारी चारच्या आत आणावा; पंधरा दिवस हे पाळूनही झोप सुधारली नाही किंवा डोकेदुखी इतर दिवशीही होऊ लागली, तर डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब काही काळ थोडा वाढलेला दिसू शकतो.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे आणि हिमोग्लोबिन ९ आहे. लोहाची गोळी ती सकाळच्या चहाबरोबर घेते. चहा पूर्ण बंद करावा का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पूर्ण बंद करण्याची आवश्यकता नाही, पण गोळी चहाबरोबर घेणे आजच थांबवायला सांगा. येथे अडथळा कॅफीनचा नसून चहातील टॅनिन या तुरट द्रव्याचा आहे. ते पालेभाज्या, कडधान्ये आणि गोळीतील लोहाला बांधून ठेवते आणि मग ते लोह आतड्यात शोषले जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि गोळी किंवा जेवण यांच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा. कॅफीनचा विचार वेगळा करावा लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते शरीरातून जाण्यास नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाच्या यकृताला ते पेलत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. त्यात कॉफी, कोला आणि चॉकलेटही मोजायचे असते. घरातले दोन लहान कप या मर्यादेत सहज बसतात. हिमोग्लोबिन ९ ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, तेव्हा पुढील तपासणीच्या वेळी गोळी कशाबरोबर घेतली जात होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : ग्रीन टी घेतल्यास कॅफीन टळते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : टळत नाही. ग्रीन टी त्याच झाडाच्या पानांचा असतो आणि त्यातही कॅफीन असते, बहुधा उकळलेल्या दाणेदार चहापेक्षा थोडे कमी. गवती चहा, आले आणि तुळस यांच्या काढ्यात मात्र चहापावडर घातली नाही तर कॅफीन नसते.