पहिला पंप घरी नेण्यापूर्वी

प्रिय बाळ,

केमोचे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीची, म्हणजे पोर्टची, जखम भरत आली आणि आता औषधाचा पंप लावून तुला घरी पाठवणार आहेत, असे तुझ्या पत्रातून कळले. वॉर्डातल्या सलाइनपेक्षा घरी अंगावर बाळगायच्या औषधाचीच धास्ती अधिक वाटते, कारण तिथे हाकेच्या अंतरावर सिस्टर नसते. म्हणून ही साधने कशी चालतात, हे तुला आधीच नीट समजलेले असावे, असा माझा आग्रह आहे.

कातडीखालच्या डबीला जोडलेली नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. तिथे रक्ताचा प्रवाह जोरदार असल्याने, हाताच्या बारीक शिरांना जाळणारे औषधही लगेच पातळ होते. डबीवरच्या सिलिकॉनच्या पडद्यात फक्त ह्यूबर सुईच टोचावी लागते, कारण साधी सुई पडद्याचा तुकडा कापते आणि पडदा पुढे गळू लागतो. कुणी घाईत साधी सुई हातात घेतली, तर निःसंकोच थांबव.

तुला मिळणारे केमोचे औषध, फ्ल्युरोयुरॅसिल, साधारण ४६ तास संथपणे जात राहील. तुझ्या पंपाला बॅटरी नाही. आतला फुगा आकसत जातो आणि त्याच दाबाने औषध पुढे सरकते. त्यामुळे आवाज येत नाही, आणि पहिल्या काही तासांत फुगा लहान झालेला दिसला नाही, तरी पंप बंद पडला असे समजू नकोस. वेग ठरवणारा छोटा भाग त्वचेला चिकटवलेला असतो आणि तो शरीराच्या तापमानाला जुळवलेला असतो, म्हणून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.

सुईभोवती सूज, जळजळ किंवा ओल जाणवली, तर नळीची क्लिप बंद करून लगेच फोन कर. फुगा ठरल्या वेळेच्या फार आधी रिकामा झाला, तर बरे वाटत असले तरी सकाळची वाट पाहू नकोस. अतिमात्रेवरचा उतारा औषध जाणे संपल्यापासून ९६ तासांच्या आतच द्यावा लागतो. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला, तर आधी फोन, मग पॅरासिटामॉल. गोळीने ताप उतरतो आणि संसर्ग मात्र झाकला जातो.

दोन गोष्टी मात्र पहिल्या डोसच्या आधीच विचारायच्या आहेत. फ्ल्युरोयुरॅसिल शरीरात मोडणारे डीपीडी नावाचे विकर (एन्झाइम) काहींमध्ये जन्मतः कमी असते आणि त्यांना नेहमीचा डोसही घातक ठरू शकतो, म्हणून त्याची तपासणी झाली आहे का, ते विचार. दुसरी गोष्ट तुझ्या वयात बोलायला अवघड, पण टाळू नयेच अशी: केमोचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि शुक्राणू किंवा बीजांडे गोठवून ठेवायची असतील, तर ते उपचारांपूर्वीच करणे उत्तम. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तू काढ. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल, तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांग. डॉक्टरांना त्यात वावगे वाटणार नाही.

तुझी,
सिस्टर