‘व्हाइल इन लंडन’ ही रचना वापरण्यापूर्वी

‘व्हाइल इन लंडन, ही मेट हिज टीचर’ (लंडनमध्ये असताना तो आपल्या शिक्षकांना भेटला) या इंग्रजी वाक्याची रचना कशी चालते, असे आपण विचारले आहे. त्यात ‘व्हाइल’ या उभयान्वयी अव्ययानंतर थेट ‘इन लंडन’ आले आहे, कारण मधले ‘ही वॉज’ गाळले आहे. मराठीत ‘लंडनमध्ये असताना’ म्हणताना ‘असणे’ सोडता येत नाही, म्हणूनच बहुधा आपल्याकडे ‘व्हाइल बीइंग इन लंडन’ असे लिहिले जाते. तेथील ‘बीइंग’ अनावश्यक आहे.

मात्र गाळलेला कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याशी जुळला पाहिजे, आणि याकडे मी सर्वाधिक लक्ष देण्यास सांगेन. ‘व्हाइल इन लंडन, माय वॉलेट वॉज स्टोलन’ असे लिहिल्यास व्याकरणाने लंडनमध्ये पाकीटच होते असा अर्थ निघतो. तेथे ‘व्हाइल आय वॉज इन लंडन’ असे पूर्ण लिहावे. ‘इफ इन डाउट, आस्क’ मध्ये आज्ञार्थामुळे कर्ता ‘यू’ असल्याचे आपोआप कळते.

‘व्हेन’, ‘इफ’, ‘दो’, ‘ऑल्दो’ यांनाही कर्ता व ‘असणे’ गाळण्याची ही सवलत आहे. ‘बिकॉज’ला प्रमाण लेखनात ती नाही, त्यामुळे ‘बिकॉज इन लंडन’ न लिहिता ‘बिकॉज ही वॉज इन लंडन’ असेच लिहावे.